पाताळकोट पाहायला जाताय? इतवारीहून रस्ता, दरीची उतरण, धबधबे, मुक्काम आणि खालच्या माणसांचा मान: सगळी माहिती एका जागी

पावसाळा लागला की आपल्या भागातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोच. खाली खोल हिरवी दरी, त्यात ढग, आणि वर लिहिलेलं असतं, "नागपूरपासून इतक्या जवळ स्वर्ग". ती दरी म्हणजे पाताळकोट. व्हिडिओ पाहून पोट्टे चार मोटरसायकली काढतात आणि निघतात. कुठे उतरायचं, कुठे झोपायचं, पाणी आलं तर काय करायचं, याचा पत्ता नसतो.

मी शेती करतो आणि बातम्याही देतो. पाताळकोटला चार-पाच वेळा जाऊन आलो. एकदा फजितीही झाली, ती पुढे सांगतो. सावनेर, काटोल, कळमेश्वर, पारशिवनी, रामटेक या भागातले वाचक दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून ही माहिती एकत्र लिहून ठेवतो आहे. जायच्या आधी वाचा, आणि सोबत येणाऱ्यालाही वाचायला द्या.

थोडक्यात

– ठिकाण: पाताळकोट, तामिया तालुका, छिंदवाडा जिल्हा, मध्य प्रदेश. फोनच्या नकाशात हिंदीप्रमाणे "पातालकोट" असं लिहून शोधा.
– अंतर: नागपूर ते छिंदवाडा रस्त्याने साधारण १२५ ते १३० किमी. छिंदवाड्याहून परासिया, तामिया मार्गे दरी साधारण ७५ ते ८० किमी.
– दरीची खोली: साधारण १,२०० ते १,५०० फूट.
– चांगला काळ: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. धबधबे पाहायचे तर पाऊस ओसरताना, म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर.
– किती दिवस: कमीत कमी २ दिवस, १ रात्र. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका.

पाताळकोट आहे तरी काय?

सातपुड्याच्या पठारावरून गाडी सपाट रस्त्याने जात असते. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मध्येच सागाचं रान. आणि अचानक जमीन संपते. समोर घोड्याच्या नालेसारख्या आकाराची मोठी दरी. कडे सरळ उभे, तळाशी रान, रानात ठिपक्यासारखी घरं आणि वावरं. दरीचं क्षेत्र सुमारे ७९ चौरस किमी आहे. तळातून दूधी नदी वाहते आणि पुढे उत्तरेकडे जाऊन नर्मदेला मिळते. म्हणजे कन्हान आणि पेंच ज्या डोंगरांतून उतरून आपल्याकडे येतात, त्याच डोंगरांच्या दुसऱ्या उताराचं हे पाणी आहे.

हा सगळा मुलूख गोंडवानाचा. जगभरचे भूगर्भ अभ्यासक ज्या जुन्या महाखंडाला "गोंडवाना" म्हणतात, ते नाव या गोंडांच्या मुलखावरूनच पडलं. तामियाला जाताना वाटेत परासियाच्या कोळसा खाणी लागतात. तो कोळसाही गोंडवाना खडकांतलाच.

नावामागे कथा आहेत. रावणाचा मुलगा मेघनाद महादेवाची पूजा करून इथूनच पाताळात गेला असं लोक सांगतात. दरीतून पचमढीपर्यंत भुयार होतं असंही सांगतात. या ऐकीव गोष्टी झाल्या. पण आपल्या नागपूरकरांचा या डोंगरांशी एक खरा संबंध आहे. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरल्यावर इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना पुढे कैद केलं. १८१८ मध्ये ते कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांच्या आसऱ्याला गेले. पाताळकोट, तामिया, पचमढी हा त्याच डोंगररांगेचा भाग. राजाला लपायला जागा मिळाली ती आदिवासींच्या घरी, एवढं ध्यानात ठेवा.

हे पार्क नाही, बारा गावांचं अंगण आहे

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अनेकांना वाटतं, पाताळकोट म्हणजे कुंपण घातलेलं उद्यान. तसं नाही. दरीत बारा गावं आहेत आणि त्यांत गोंड व भारिया समाजाचे लोक राहतात. भारिया हा विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतो. आपल्या महाराष्ट्रात कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या गटात आहेत, तसे मध्य प्रदेशात बैगा, सहरिया आणि पाताळकोटचे भारिया. दरीचा ८ हजार हेक्टरांहून जास्त भाग जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेला आहे. म्हणजे तिथल्या झाडपाल्याला आणि जनावरांना कायद्यानेही मान आहे.

खालचे लोक मका, कोदो, कुटकी, जगनी अशी पिकं घेतात. जमीन उताराची, थर पातळ, सगळं पावसावर. रानातून मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा आणि मध आणतात. झाडपाल्याची माहिती असलेल्या जाणत्याला तिथे भुमका म्हणतात.

"जगापासून तुटलेली माणसं", "सूर्य न पाहिलेली गावं" असे मथळे तुम्ही वाचले असतील. ते डोक्यातून काढून टाका. दरीच्या तळाला ऊन उशिरा उतरतं आणि लवकर जातं, हे खरं, कारण कडे उंच आहेत. पण ही माणसं कडा चढून आठवडी बाजाराला पिढ्यान् पिढ्या येत आली आहेत. डोक्यावर चारोळीचं गाठोडं घेऊन वर यायचं आणि मीठ, तेल, कपडा घेऊन खाली जायचं. आजारी माणसाला खाटेवर घालून याच वाटेने वर आणायचं. आता काही गावांपर्यंत रस्ता उतरला आहे, पोरं शाळेत जातात, कामाला बाहेर जातात, फोन वापरतात.

इतवारीहून कसे जायचे?

*रेल्वेने:* जुन्या माणसांना इतवारीची छोटी गाडी आठवत असेल. नॅरोगेजची ती गाडी सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत घाटातून छिंदवाड्याला जायची. भाजीवाले, दूधवाले, लग्नाचे वऱ्हाडी, सगळे तिच्यातच. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि मार्ग मोठ्या रुळाचा करायला घेतला. घाटातला भीमालगोंदी ते भंडारकुंड हा कठीण तुकडा सगळ्यात शेवटी झाला. २०२१ मध्ये इतवारी ते छिंदवाडा थेट गाडी पुन्हा सुरू झाली. स्टेशनचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी आहे. तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये नुसतं "नागपूर" टाकलं तर गोंधळ होतो, इतवारी टाका. गाड्यांच्या वेळा बदलत राहतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. उन्हाळा सोडून कधीही गेलात तरी सौंसरनंतर खिडकीत बसा. घाटातले पूल आणि बोगदे पाहण्यासारखे आहेत.

एक गंमत सांगतो. "पातालकोट एक्सप्रेस" नावाची गाडी आहे. ती छिंदवाड्याहून दिल्लीच्या दिशेने जाते. ती पाताळकोट दरीत जात नाही! नाव पाहून कुणी तिचं तिकीट काढू नका.

*बसने:* नागपूरहून छिंदवाड्याला बस मिळते. सावनेरच्या लोकांना वाटेतच बसता येतं. छिंदवाड्याहून परासिया मार्गे तामियाला बस मिळते. आपल्यासारखी एसटी तिथे नाही, गाड्या बहुतेक खासगी. संध्याकाळनंतरच्या बसवर भरवसा ठेवू नका. तामियाहून दरीपर्यंतचे शेवटचे २० ते २५ किमी छिंदी गावाच्या बाजूने आहेत. तिथे जीप ठरवावी लागते. भाडं बसायच्या आधी ठरवा आणि परतीचंही बोलून घ्या.

*स्वतःच्या गाडीने:* नागपूर, सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया असा रस्ता. घाटात पावसाळ्यात धुकं असतं. पेट्रोल छिंदवाडा किंवा परासियातच भरून घ्या. मोटरसायकलने जाणाऱ्यांनी दोघांपेक्षा जास्त बसू नये. दरीत उतरणारे रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, ब्रेक आधी तपासा.

अमरावतीच्या बाजूच्या वाचकांना मात्र चिखलदराच जवळचा. तिथेही भीमकुंड, पंचबोल अशा खोल दऱ्या आहेत.

वाटेत थांबण्यासारखं

– जामसावळी: सौंसर जवळचं निजलेल्या हनुमानाचं देवस्थान. आपल्याकडचे बहुतेक लोक जाऊन आलेले असतातच. मंगळवारी आणि शनिवारी गर्दी असते. सौंसर, पांढुर्णा हा भाग २०२३ पासून वेगळ्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. इथवर मराठी सहज चालते.
– कुकडीखापा धबधबा: रामाकोना आणि उमरानाला यांच्या मधे, सिल्लेवानीच्या डोंगरात. उंची साधारण ६० फूट. पावसाळ्यातच पाणी. रुळावरून चालत जाऊ नका. छोट्या गाडीच्या काळची ती सवय मोठ्या गाडीच्या वेगापुढे जिवावर बेतेल.
– छिंदवाड्याचं बादल भोई आदिवासी संग्रहालय: १९५४ मध्ये सुरू झालं, २०२४ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. दरी पाहायच्या आधी हे पाहा. खाली जी माणसं भेटणार, त्यांची घरं, अवजारं, वाद्यं इथे समजतात.
– तामिया: सुमारे ३,७०० फूट उंचीवरचं गाव. विश्रामगृहाजवळून सूर्यास्त दिसतो, समोर सातपुड्याच्या रांगामागून रांगा. जवळच छोटा महादेव म्हणून गुहा आणि झरा आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं.

उतरण सोपी, चढण कठीण: माझी फजिती

पहिल्यांदा गेलो ते ऑक्टोबरात. सोयाबीन निघालं होतं, हातात दोन दिवस होते. आम्ही तिघं मित्र. वावरात दिवसभर राबणारी माणसं आम्ही, डोंगराचं काय कौतुक, असं वाटलं. सकाळी उशिरा, दहाच्या पुढे, पायवाटेने उतरायला लागलो. तिघांत मिळून पाण्याच्या दोन बाटल्या. खाली जायला दीड तास लागला. हसत, फोटो काढत गेलो. तळाला नाल्यात पाय सोडून बसलो आणि वेळ विसरलो.

दुपारी दोनला चढायला लागलो. अर्ध्यातच पाणी संपलं. एका मित्राच्या मांडीत गोळे आले, तो खाली बसला तो उठेचना. फोनला रेंज नाही. ऊन कड्याआड गेलं आणि वाट अंधारी होऊ लागली. तेवढ्यात खालून एक म्हातारी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन वर येत होती. आम्हाला पाहून थांबली, हसली. कुठलं गाव, कशाला आलात, विचारलं. मग वाटेच्या कडेला खडकात झिरपणारा झिरा दाखवला. आम्ही त्याच्या बाजूनेच दोनदा गेलो होतो, पण दिसला नव्हता. तिने पानाचा द्रोण करून पाणी दिलं, मित्राला मीठ चाटायला दिलं आणि आमच्या चालीने हळूहळू वर घेऊन आली. वर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. पैसे द्यायला लागलो तर तिने घेतले नाहीत. गाठोडं तसंच घेऊन ती पुढच्या वाटेला लागली.

म्हणून हिशोब सांगतो. घराचा एक मजला दहा फुटांचा धरला तर ही दरी १२० ते १५० मजल्यांची झाली. तेवढे जिने तुम्ही शेवटचे कधी चढलात? तेव्हा:

– उतरायला सकाळी सातला लागा. दुपारी बाराच्या आत परत फिरा.
– उतरायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ चढणीला धरा.
– माणशी कमीत कमी ३ लिटर पाणी. अर्धं पाणी चढणीसाठी राखून ठेवा.
– गुडघे, दमा, छातीचा त्रास किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वरूनच दरी पाहावी. रातेड आणि चिमटीपूरच्या बाजूने वरून दरी छान दिसते. खाली उतरलं म्हणजेच पाहिलं असं काही नाही.
– गावातला वाटाड्या सोबत घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवा. त्यात घासाघीस करू नका. आपल्याकडे मजुराला दिवसाचं काय देतो, ते आठवा.

धबधबे आणि नाले: पाण्याला हलकं घेऊ नका

पाताळकोटला बारमाही मोठा धबधबा नाही. पावसाळ्यात मात्र कड्यावरून जागोजागी पाणी कोसळतं. दिसायला सुंदर, पण धोका दोन जागी असतो.

पहिला धोका वर, काठावर. पावसात खडकावर शेवाळ येतं. सेल्फीसाठी एक पाऊल मागे, आणि खेळ खलास. काठापासून दहा पावलं मागे राहायचं, पोरांचा हात धरून ठेवायचा. सगळीकडे कठडे नाहीत.

दुसरा धोका खाली, नाल्यात. दरी म्हणजे चाळीचं तोंड. वर पठारावर पडलेलं सगळं पाणी थोड्या वाटांनी खाली येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण दहा किमीवर पाऊस झाला तर अर्ध्या तासात नाला भरतो. आपल्या वावरातल्या नाल्याला अचानक पूर येतो तसंच, फक्त इथे बाजूला पळायला सपाट जागा नसते.

पूर येण्याच्या खुणा शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको, तरी लिहितो:
– स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं.
– काड्या, पानं, फेस वाहून येऊ लागला.
– वरच्या अंगाने घरघर असा आवाज आला.
– डोंगराच्या माथ्यावर काळं आभाळ दाटलं.

यांतली एकही खूण दिसली तर चपला, बॅग, मोबाईल काही शोधत बसू नका. आडवं पळून उंच जागी चढा. नाल्याच्या पलीकडे अडकलात तर तिथेच बसून राहा, दोन-चार तासांत पाणी ओसरतं. गुडघ्याएवढं वाहतं पाणीही माणसाला पाडतं. डोहात उडी मारू नका. वरून शांत दिसणाऱ्या डोहात खाली कपारी असतात आणि खोली कळत नाही.

वीज कडकडत असेल तर एकट्या उंच झाडाखाली, कड्याच्या काठावर किंवा लोखंडी कठड्याजवळ थांबू नये.

मुक्काम आणि तंबू

तीन पर्याय आहेत.

*तामियात राहणं:* विश्रामगृह, हॉटेल, लॉज मिळतात. कुटुंबासोबत जाणाऱ्यांना हेच बरं. डिसेंबर, जानेवारीत तिथे थंडी चांगलीच वाजते, गोधडी सोबत न्या.

*गावात राहणं:* चिमटीपूरसारख्या गावांत होमस्टे म्हणजे घरगुती मुक्कामाची सोय झाली आहे. तामिया भागातल्या सावरवानी गावाला तर २०२४ मध्ये केंद्र सरकारचा उत्तम पर्यटन गावाचा पुरस्कार मिळाला. मातीची सारवलेली खोली, चुलीवरचं जेवण, मक्याची भाकर, भाजी. पैसा सरळ त्या घरात जातो. माझं मत विचाराल तर मुक्काम इथेच करा. सुट्टीच्या दिवसांत आधी फोन करून जागा पक्की करा.

*तंबू:* स्वतःचा तंबू लावायचा तर आधी गावात विचारा. मोकळी दिसणारी जागा कुणाचं तरी वावर, खळं किंवा गुरं बसायची जागा असते. आपल्या वावरात न विचारता कुणी तंबू ठोकला तर आपण काय म्हणू? परवानगी मिळाली की पुढचं पाहा:
– नाल्याच्या पात्रात किंवा काठाला तंबू नको, वाळू कितीही मऊ असो.
– कड्याच्या अगदी खाली नको, दगड सुटतात.
– मोहाच्या झाडाखाली नको. मोह पडायच्या दिवसांत तिथे अस्वल येतं.
– शेकोटी फक्त गावकरी सांगतील तिथेच. झोपायच्या आधी पाणी टाकून विझवा. फेब्रुवारीनंतर रान वाळलेलं असतं, एका ठिणगीने गावाची वर्षाची चारोळी आणि गुरांचा चारा जळून जाईल.
– रात्री खाण्याचं सामान तंबूत उघडं ठेवू नका. बिबट, अस्वल या रानात आहेत. अंधारात एकट्याने बाहेर जाऊ नका.

मोहोळापासून जपा

कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात. दगड मारणं, फटाके, मोठ्याने स्पीकर लावणं, धूर करणं, जास्त अत्तर लावून जाणं, हे सगळं टाळा. मोहोळ उठलं तर तोंड आणि मान कपड्याने झाकून दूर पळा, घरात किंवा बंद गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माशा वर घिरट्या घालत राहतात.

सोबत काय न्यावं?

– पाणी, मीठ-साखरेची पुडी किंवा ओआरएस.
– शिदोरी: भाकरी, ठेचा, भुईमुगाचे दाणे, गूळ. दरीत हॉटेल शोधत बसू नका.
– पकड असलेले बूट. चपलेवर उतरू नका.
– टॉर्च, मोबाईलची नाही, वेगळी. मोबाईलची बॅटरी राखायची असते.
– १५ मीटर दोर, काठी, शिट्टी, रेनकोट.
– नेहमीच्या गोळ्या, पट्टी, मलम.
– सुटे पैसे. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.
– कचऱ्यासाठी एक रिकामी थैली. हे विसरू नका.

दरीत वागायचं कसं?

– घरात, अंगणात न विचारता शिरू नका. बायामाणसांचे आणि लेकरांचे फोटो न विचारता काढू नका. "आदिवासी दाखवा" असं म्हणत फिरणारे लोक मी पाहिले आहेत, ऐकून मान खाली जाते.
– लेकरांना चॉकलेट, पैसे वाटू नका. त्यांना हात पसरायची सवय आपण लावतो. द्यायचं असेल तर शाळेच्या गुरुजींना विचारून वही-पेन द्या.
– झिरा आणि नाला हे पिण्याचं पाणी आहे. साबण, शाम्पू, भांडी, गाडी, काहीही तिथे धुऊ नका.
– पत्रावळ, प्लास्टिक, बाटल्या परत आणा. खाली गाव गोळा करणारी कचरागाडी येत नाही.
– मध, चारोळी, कोदो-कुटकी घ्यायची तर सरळ घरातून घ्या आणि बाजारभाव द्या. आपला कापूस, संत्रा व्यापारी पाडून मागतो तेव्हा आपल्याला जे वाटतं, तेच त्यांनाही वाटतं.
– झाडं, मुळ्या, कंद उपटून आणू नका.
– दारू पिऊन दरीत उतरू नका. परत येताना बाटली गाडीत टाकून सीमा ओलांडू नका. परराज्यातली दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.

दोन दिवसांचा बेत

पहिला दिवस: सकाळी इतवारी किंवा सावनेरहून निघा. दुपारपर्यंत छिंदवाडा, तिथे जेवण आणि संग्रहालय. सोमवारी संग्रहालय उघडं आहे का ते आधी विचारा. चारपर्यंत तामिया, छोटा महादेव, सूर्यास्त. मुक्काम तामिया किंवा गावात.

दुसरा दिवस: पहाटे निघून उजाडताना दरीच्या काठावर. धुकं हळूहळू वर उठताना दरी दिसते, ते पाहण्यासारखं आहे. सातला वाटाड्यासोबत उतरण, बाराच्या आत परतीची चढण. जेवून लगेच परतीचा रस्ता धरा म्हणजे सिल्लेवानीचा घाट उजेडात पार होईल. संत्र्याचा बहार, पेरणी, वेचणी असेल तर घाई होते, म्हणून शेतीची कामं उरकूनच बेत ठरवा.

काही झालंच तर

तातडीची मदत ११२, अ‍ॅम्ब्युलन्स १०८. दोन्ही नंबर मध्य प्रदेशातही चालतात. पण दरीत रेंज नसते, म्हणून एक माणूस वर ठेवा किंवा किती वाजता परतणार ते मुक्कामाच्या घरी सांगून जा.

– साप चावला: चावलेला पाय हलवू नका, काठीचा आधार देऊन झोळीतून वर आणा. कापणं, चोखणं, घट्ट बांधणं नको. भुमकाच्या झाडपाल्याचा मान आहेच, पण विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं. तामियाचा सरकारी दवाखाना, आणि पुढे छिंदवाड्याचं जिल्हा रुग्णालय.
– कुणी बुडत असेल: पोहता येत नसेल तर उडी नको. दोर, साडी, लांब फांदी फेका. एकाला वाचवायला गेलेले दोघं बुडतात, अशा बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. पुन्हा लिहायची इच्छा नाही.
– हाड मोडलं: ओढू-ताणू नका, दोन काठ्यांत बांधा, गावकऱ्यांना हाक मारा. खाटेवर घालून माणूस वर कसा न्यायचा हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

शेवटी एकच. पाताळकोटला जरूर जा. इतवारीहून गाडी आहे, रस्ता आहे, खर्च आवाक्यातला आहे. पण ज्या वाटेने तुम्ही एक दिवस हौस म्हणून चालणार आहात, त्याच वाटेने तिथली माणसं आयुष्यभर ओझं वाहून चढतात. ती समोरून आली तर बाजूला सरून वाट द्या आणि रामराम करा. मला पाणी देणारी ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. प्रत्येक वेळी गेलो की त्या झिऱ्याजवळ थांबतो. मागच्या खेपेला तिथे कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं पडली होती. उचलून थैलीत टाकली. पुढच्या वेळी ती तिथे नसावीत, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.